मागच्या खोलीतले २ माग आणि घराचा इन्शुरन्स

बेळगावच्या वडगावातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव, गल्ली देत नाही, पत्रातलं थोडक्यात सांगते. वय ४३, खासगी शाळेत शिकवतात, नवरा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. घर सासऱ्यांचं, ते जाऊन ६ वर्षं झाली पण घर अजून त्यांच्याच नावावर. पुढचा भाग २००९ साली पाडून स्लॅबचा केला, खाली-वर मिळून ९०० स्क्वेअर फूट. मागचा ५०० फुटाचा भाग जुनाच, मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, आणि तिथं धाकट्या दिराचे २ पॉवरलूम चालतात. बळ्ळारी नाला फार लांब नाही, २०१९ च्या ऑगस्टात मागच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. आता घराचा इन्शुरन्स करायचं मनात आहे. पगाराच्या बँकेतून आलेल्या माणसानं ७५ लाखाचा विमा सांगितला, वर्षाला ८,४०० रुपये. ओळखीतल्या एजंटनं २५ लाखाचा सांगितला, २,१०० रुपये. हा एजंट वर म्हणाला, "वहिनी, लूमचं कशाला सांगताय, रेट वाढतोय, राहतं घर एवढंच लिहूया." सासूबाईंचं म्हणणं, ४० वर्षांत भिंत हलली नाही, पैसे पाण्यात घालू नका. ताई विचारतात, "नाल्याजवळ घर म्हणून आम्हाला महाग पडतंय का? आणि २,१०० वालाच घेतला तर काय बिघडलं?"

ताई, तुमचं पत्र २ वेळा वाचलं. तुम्ही विचारलंय महाग का पडतंय, पण पत्रात खरी अडचण वेगळीच दिसते. एकाच घराचे २ दर तुमच्यासमोर आहेत आणि तुम्ही धरून चाललाय की एक महाग कंपनी, एक स्वस्त कंपनी. तसं नाहीये. त्या दोघांनी २ वेगळ्या घरांचे दर दिलेत. एकानं तुमचं घर जागेसकट विकायला काढल्यासारखं मोजलं, आणि दुसऱ्यानं माग नसलेलं घर मोजलं, जे तुमचं घरच नाही.

आधी ७५ लाखाचं बघू. हा आकडा कुठून आला असेल ते सांगायला नको, वडगावात आज गुंठ्याला काय भाव चाललाय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण जमीन जळत नाही की वाहून जात नाही. विमा असतो तो बांधकामाचा, म्हणजे घर पडलं तर तसंच परत उभं करायला किती लागेल तेवढ्याचाच. कंपनी त्याच्यावर १ रुपया जास्त देत नाही, तुम्ही हप्ता ७५ लाखाचा भरलात तरी. २०२१ च्या एप्रिलपासून आपल्याकडं भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी आलीय, त्यात हा हिशोब सरळ लिहिलाय, घराचा कार्पेट एरिया गुणिले त्या दिवशीचा बांधकामाचा दर. तुम्हीच करून बघा. ज्या गवंड्याकडून किंवा इंजिनिअरकडून २००९ साली काम करून घेतलं त्याला आजचा दर विचारा, समजा तो २,००० म्हणाला तर पुढचे ९०० फूट झाले १८ लाख. मागचा भाग समजा १,६०० नं धरला तर ८ लाख. कंपाउंड, पाण्याची टाकी, दारातली शेड धरून आणखी दीडएक लाख. म्हणजे साडेसत्तावीस लाख झाले, आता हे ७५ च्या जवळ कुठं आहे सांगा. दर तुमच्या माणसाला विचारूनच घाला, मी फक्त रीत दाखवली.

८,४०० मध्ये आणखी काय काय आहे तेही कागद मागून बघा. बऱ्याच वेळा त्यात घरफोडीचं कव्हर, दागिन्यांचं कव्हर, नवरा-बायकोचं अपघाताचं कव्हर असं सगळं एकत्र बांधून दिलेलं असतं. वाईट नाही, पण तुम्हाला हवंय का ते तुम्ही ठरवायचं. दागिने लॉकरमध्ये असतील तर त्यांचं कव्हर घरात ठेवलेल्या २ बांगड्यांसाठी घ्यायचं का? आणि घरातलं सामान, म्हणजे फ्रिज, कपाट, भांडीकुंडी, गाद्या, त्यासाठी वेगळा आटापिटा करावा लागत नाही, बांधकाम आणि सामान दोन्हीचं कव्हर घेतलं तर भारत गृह रक्षामध्ये बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत, यादी न देता आपोआप धरलं जातं. तुमच्या साडेसत्तावीस लाखाला ते साडेपाच लाख होतात. मास्तरांच्या नि फौंड्रीवाल्यांच्या घराला तेवढं पुरतं असं मला वाटतं.

आता नाल्याचं. जागा हे हप्ता ठरवणाऱ्या गोष्टींपैकी एक आहेच, नदीकाठ, सखल भाग, भूकंपाचा पट्टा, हे सगळं कंपनी बघते. बेळगाव भूकंपाच्या जुन्या नकाशात झोन ३ मध्ये येतं, तुमच्या सासूबाईंना कदाचित १९६७ चा कोयनेचा धक्का आठवत असेल. पण राहत्या घराच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक पडतो तो रकमेनं, मग बांधकाम कसलं आहे त्यानं, मग घरात काय चालतं त्यानं. स्लॅबचं घर आणि मातीच्या भिंतीचं घर यांना एक दर लागत नाही. घर किती जुनं, वायरिंग कधीचं, आधी क्लेम घेतलेत का, एक वर्षाची पॉलिसी की जास्त वर्षांची, या सगळ्यानं आकडा हलतो. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणून दर विचारताना टॅक्स धरून की सोडून हे पहिलं विचारा, एकानं धरून सांगितलेला असतो आणि दुसऱ्यानं सोडून आणि आपण दोन्ही शेजारी ठेवून बघतो.

आणि एक सांभाळा. हप्ता कमी दाखवायला कुणी पूर-वादळाचं कव्हर काढून फक्त आगीचं ठेवलेलं नाही ना ते बघा. भारत गृह रक्षाच्या मूळ पॉलिसीत आग, वीज पडणं, भूकंप, पूर, वादळ, दरड, टाकी किंवा पाइप फुटणं, दंगल हे सगळं आत आहे. पण तुमचा २,१०० वाला एजंट कुठली पॉलिसी देतोय ते पत्रात नाही. नाल्याकाठच्या घराला पूर सोडून विमा घेणं म्हणजे पावसाळ्यात छत्री घरी ठेवून बाजारला जाणं.

आता मागांकडं येते, माझा जीव खरा तिथं अडकलाय.

एजंट म्हणाला लूमचं सांगू नका. तो तुमचं वाईट चिंतत नसेल, त्याला पॉलिसी विकायचीय आणि तुमचे पैसे वाचवल्यासारखंही होतंय. पण विम्याचा व्यवहार सगळा तुम्ही फॉर्मवर काय लिहून दिलं त्यावर उभा असतो. कंपनीचा माणूस हप्ता घेताना घरी येईलच असं नाही, क्लेमच्या वेळी मात्र सर्व्हेअर, म्हणजे नुकसान बघायला कंपनीनं पाठवलेला माणूस, येणार. मागची खोली, भिंतीला चिकटलेला सुताचा बारीक कापूस, मोटरीचा पाया, बहुतेक घरात मागाचं मीटरही वेगळंच असतं, हे काय झाकून राहणार आहे? महत्त्वाची गोष्ट लपवली म्हटल्यावर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं, आणि तेही फक्त मागच्या खोलीचं नाही, पुढच्या स्लॅबच्या घराचंसुद्धा. म्हणजे २,१०० रुपये दरवर्षी भरायचे आणि ज्या दिवशी गरज लागली त्या दिवशी हातात काही नाही. त्यापेक्षा सासूबाईंचं ऐकून विमा न घेतलेला बरा, निदान आपल्याला विमा आहे असा भ्रम तरी राहणार नाही.

लूममुळे धोका वाढतो हे खोटंही नाही. सूत, कापसाची धूळ, दिवसभर चालणारी मोटर, जुनं वायरिंग, एवढं एका खोलीत असलं की ठिणगी पुरते. खासबाग, शहापूर, वडगाव इथल्या कितीतरी घरात पुढं संसार आणि मागं माग अशीच मांडणी आहे, पिढ्यान् पिढ्या आहे, त्यात लाजण्यासारखं किंवा लपवण्यासारखं काय आहे? माग हा धंदा आहे आणि धंद्याला वेगळी पॉलिसी असते, एवढंच. भारत गृह रक्षाबरोबरच छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आली, ५ कोटीपर्यंतच्या मालमत्तेसाठी. दिरानं माग, मोटर, सूत, तयार साड्या यांचा विमा त्यात करायचा. घराच्या फॉर्मवर मात्र मागच्या ५०० फुटात २ यंत्रमाग आहेत असं स्पष्ट लिहून द्यायचं आणि त्या भागाचं बांधकाम कुठल्या पॉलिसीत धरायचं ते कंपनीकडूनच लेखी घ्यायचं. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे. वाढलेला भाग दिरानं द्यावा, त्याच्या धंद्याचा खर्च आहे तो. हे घरात बोलायला अवघड आहे मला माहीत आहे, मोठ्या वहिनीनं बोललं की वेगळंच वाटतं, म्हणून तुमच्या मिस्टरांनी बोलावं, जेवण झाल्यावर दोघे भाऊ बाहेर कट्ट्यावर बसलेले असताना.

सासूबाईंच्या बोलण्याला मी उडवून लावणार नाही. ४० वर्षं त्या घरात राहिलेल्या बाईला त्या भिंती माहीत आहेत. पण २०१९ ला त्यांच्याच मागच्या खोलीत गुडघाभर पाणी उभं होतं हे तुम्हीच लिहिलंय, मग ४० वर्षांत काही झालं नाही असं कसं? झालं, निभावलं, एवढंच. मातीच्या भिंतीत पाणी मुरलं की ती आतून मऊ होते, वरून दिसत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यात बडाल अंकलगीत पावसानं भिजलेलं घर कोसळून ७ जण गेले, तेव्हापासून जुन्या मातीच्या भिंतीचं कुणी बोललं की माझ्या पोटात कालवतं.

हे सांगायचं दुसरंही कारण आहे. पुरानं, वादळानं भिंत पडली तर विमा आहे, पण वय झालं म्हणून, वर्षानुवर्षं ओल झिरपून भिंत आपणहून बसली तर ती झीज धरली जाते आणि झिजेला विमा नाही. म्हणून मागच्या भिंतींचं काम विम्याच्या भरवशावर सोडू नका. मे महिन्यातच जोत्याला गिलावा करून घ्या, फुटकी कौलं बदला, पागोळीचं पाणी भिंतीच्या बुडात पडतंय ते लांब काढा. दुरुस्त केलेल्याचे फोटो नि बिलं ठेवलीत तर उद्या सर्व्हेअरला सांगता येतं की भिंत धड होती, पाण्यानंच गेली.

सरकार देतंच की, असंही कुणीतरी म्हणेल. २०१९ च्या पुरानंतर पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटक सरकारनं ५ लाख जाहीर केले होते, तेही बांधकाम पुढं सरकेल तसे टप्प्यानं. ज्यांना मिळाले त्यांना आधार झाला, नाही म्हणत नाही. पण तुमच्या घराचा हिशोब आत्ताच साडेसत्तावीस लाखाचा केला आपण.

माझ्या मामाचं सांगते. दूधगंगेकाठी, चिकोडी तालुक्यात घर. त्याच ऑगस्टात पाणी २ दिवस घरात होतं. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तर सोप्यातल्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची एक सरळ रेघ, दोरी धरून मारल्यासारखी, आणि त्या रेघेखाली सगळं एकाच रंगाचं. मामीची लोखंडी ट्रंक उघडली, आत इरकल साड्यांच्या घड्या गाळानं एकमेकीला चिकटून वीट झाल्या होत्या. मामा मात्र शांत होता, म्हणायचा बँकेनं लोन देताना इन्शुरन्स केलाय की, काळजी नको. कागद माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत होता म्हणून वाचला. उघडून बघितला तर तो विमा घराचा नव्हताच, मामाच्या जिवाचा होता. तो गेला असता तर लोन फिटलं असतं. घर गेलं तर काही नाही. मामा कितीतरी वेळ तो कागद हातात धरून ओल्या पायरीवर बसला होता, मग घडी घालून परत पिशवीत ठेवला.

त्या बँकेनं त्याला समजावून सांगितलं नाही, आणि मामानंही विचारलं नाही, फॉर्म इंग्रजीत होता. आपल्याकडं हे कायमचंच आहे बघा, घराचा उतारा कन्नडात, पॉलिसी इंग्रजीत आणि आपण बोलतो मराठीत. म्हणून ज्यांनी ज्यांनी होम लोन घेतलंय त्या सगळ्यांना सांगते, आज घरी जाऊन तो कागद काढा आणि विमा कशाचा आहे ते बघा, माणसाचा की घराचा. आणि लोनसाठी याच कंपनीचा विमा घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही, घराचा विमा दुसरीकडून घेतलेलाही चालतो.

तुमच्याकडं आणखी एक गाठ आहे, घर सासऱ्यांच्या नावावर. ज्याचं नुकसान होणार त्याचाच विमा, हा साधा नियम. हयात नसलेल्या माणसाच्या नावानं पॉलिसी काढायची नाही आणि एकट्या तुमच्या मिस्टरांच्या नावानं काढून दीर, सासूबाईंना बाहेर ठेवायचं नाही, क्लेमच्या वेळी त्यावरूनच कागद अडतो, नि घरातलं वातावरण बिघडतं ते वेगळंच. महापालिकेत वारसा लावून खात्यावर सगळ्यांची नावं चढवून घ्या. त्याला वेळ लागेल, तोवर विमा थांबवायला पाहिजे असं नाही, वारसांची नावं विम्याच्या फॉर्मवर लिहून कंपनीला विचारा, काय कागद चालतील ते त्यांनी लेखी सांगू दे. भाड्यानं राहणारे वाचक असतील तर त्यांनी भिंतींचा विचार सोडावा, त्यांना फक्त सामानाचा विमा घेता येतो आणि तो अगदी कमी पैशात होतो.

हप्ता खरोखर कमी करायचाय ना, तर लपवण्यापेक्षा बऱ्या वाटा आहेत. रक्कम बरोबर लावलीत तिथंच मोठा फरक पडला. नको ती जादा कव्हरं काढा. ही पॉलिसी १० वर्षांपर्यंत एकदम घेता येते आणि जास्त वर्षांची घेतली की बहुतेक कंपन्या सूट देतात. दरवर्षी बांधकामाची रक्कम १० टक्क्यांनी आपोआप वाढते, त्याचे जादा पैसे नाहीत, सिमेंट-सळईचे भाव चढले तरी तुम्ही फार मागं राहत नाही. मागच्या खोलीचं वायरिंग नवीन करून चांगला ब्रेकर बसवा आणि ते कंपनीला सांगा, रेटमध्ये फरक पडला तर पडला, नाही पडला तर रात्री झोप तरी लागेल. सुताचे गठ्ठे जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवायला दिराला सांगा, ते विम्यासाठी नाही, पुढच्या ऑगस्टासाठी.

३ वेगवेगळ्या कंपन्यांचे दर मागवा, त्यात एक तरी सरकारी असू दे, आणि तिघांना एकच माहिती द्या, तेच फूट, तोच बांधकामाचा दर, तेच माग. तेव्हा कुठं स्वस्त-महाग कळेल. २५ लाखाचा आकडा तसा फार चुकलेला नाही, बरं का, तुमच्या हिशोबाच्या जवळ आहे. भारत गृह रक्षामध्ये रक्कम थोडी कमी पडली म्हणून प्रत्येक क्लेममधून त्या प्रमाणात कापत नाहीत, दुसऱ्या पॉलिसींत कापू शकतात. म्हणून त्या एजंटला सोडूनच द्या असं मी म्हणत नाही. त्याला सांगा, माग लिहून दर काढ. काढला तर ठीक, नाही म्हणाला तर मग सोडा.

आणि पाणी आलंच कधी, तर भिजलेलं सामान सर्व्हेअर बघेपर्यंत टाकू नका, फोटो, व्हिडिओ काढा, कंपनीला लगेच कळवा, तलाठ्याच्या पंचनाम्याची कॉपी घ्या. ढिगारा उचलायचा खर्च, इंजिनिअरची फी, घर राहण्यासारखं नसेल तर दुसरीकडच्या भाड्याचे पैसे, हेही ठरलेल्या मर्यादेत या पॉलिसीत मागता येतं, लोक मागतच नाहीत. कंपनीनं अडवलं तर बीमा भरोसा या विम्याच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, आणि तिथंही नाही झालं तर बेंगळुरूचा विमा लोकपाल, तिथं ५० लाखापर्यंतची प्रकरणं चालतात आणि वकील लागत नाही.

मृग लागायच्या आत हे उरका. पहिल्यांदा गवंड्याला फोन, मग दोघा भावांचं बोलणं, एजंट सगळ्यात शेवटी. फॉर्म त्याला भरू द्या पण सही करायच्या आधी तुम्ही स्वतः वाचा, "मागील भागात २ यंत्रमाग" हे त्यात आलंय का बघा, आणि झेरॉक्स काढून घेतल्याशिवाय कागद त्याच्या हातात देऊ नका.